विश्लेषण : डोक्याच्या मापाचे हाड! कवटीचे ‘कस्टम’ इम्प्लांट कसे तयार होते? ते कोणाला लागते?

अपघातात डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर वाचतो, शुद्धीवर येतो, काही आठवड्यांनी घरीही जातो. पण त्याच्या डोक्याच्या एका बाजूला हाडच नसते. तिथे फक्त कातडी असते आणि तिच्याखाली थेट मेंदूचे आवरण. ‘हाड नंतर बसवू,’ असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. हे ‘नंतर’ कधी येते, मूळ हाड वापरता आले नाही तर दुसरे कुठून आणतात आणि संगणकावर आखलेला कवटीचा तुकडा खऱ्या डोक्यात चपखल कसा बसतो, याविषयी...

कवटीचे हाड काढावेच का लागते?

मोठ्या माणसाची कवटी ही बंद पेटी असते. तिच्यात तीन गोष्टी असतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. पेटी ताणली जात नाही. त्यामुळे मार लागून मेंदूला सूज आली किंवा आत रक्तस्राव झाला, की आतला दाब वाढू लागतो. प्रौढ व्यक्तीत हा दाब साधारणपणे ७ ते १५ मिलिमीटर पारा एवढा असतो. तो २०-२२च्या वर जाऊन तिथेच राहिला की मेंदूला होणारा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हातापायाला सूज आली तर ती बाहेरच्या बाजूला वाढते. मेंदूला ती सोय नाही. सुजलेला मेंदू खालच्या बाजूला, श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणाऱ्या भागावर दाबला जातो.

आधी औषधांनी दाब उतरवण्याचा प्रयत्न होतो. डोके उंच ठेवणे, रुग्णाला गुंगीत ठेवणे, मॅनिटॉलसारखे सूज ओढून घेणारे औषध शिरेतून देणे. त्यानेही भागले नाही, तर न्यूरोसर्जन पेटीचे झाकणच उघडतात. या शस्त्रक्रियेला ‘डीकॉम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी’ म्हणतात. काढलेला तुकडा लहान नसतो. डोक्याच्या एका बाजूचे १२ बाय १५ सेंटिमीटरपेक्षा कमी हाड काढू नये, अशी मेंदूच्या दुखापतींसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. म्हणजे पसरलेल्या तळहाताएवढे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडून आलेल्या पक्षाघातातही कधी कधी हीच शस्त्रक्रिया करावी लागते.

तिचा उपयोग किती, यावर अनेक वर्षे वाद होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ या चाचणीत ४०८ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटात २६.९ टक्के, तर फक्त औषधोपचार घेतलेल्या गटात ४८.९ टक्के मृत्यू झाले. हा फरक मोठा आहे. पण त्याच चाचणीचा दुसरा आकडा बातम्यांत फारसा आला नाही. कायमच्या अचेतन अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ८.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के होते. शस्त्रक्रिया जीव वाचवते, पण वाचलेला प्रत्येक जण पूर्वीसारखा होत नाही. हे निर्णयाच्या रात्रीच नातेवाइकांना स्पष्ट सांगितले जायला हवे.

भारतात या शस्त्रक्रियेची गरज का पडते, हे रस्त्यावर पाहिले की कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी रस्ते अपघातात जीव गमावला. त्यात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण होते. (हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पुण्यात हा आकडा अधूनमधून मोठ्या अक्षरात छापायला हरकत नाही.) हे झाले मृतांचे. डोक्याला मार लागून वाचलेल्यांची गणना या तक्त्यात वेगळी होत नाही आणि कवटीच्या इम्प्लांटची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते.

काढलेले हाड जाते कुठे?

ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण भारतात बऱ्याच ठिकाणी ते रुग्णाच्या पोटात ठेवले जाते. पोटावर छेद देऊन कातडीखालच्या चरबीत खिसा करायचा, त्यात हाड सरकवायचे आणि वरून टाके घालायचे. शरीराच्या आत असल्याने हाड निर्जंतुक वातावरणात राहते. काही महिन्यांनी तेच काढून डोक्याला बसवले जाते. दुसरा मार्ग उणे ७० ते उणे ८० अंश सेल्सियसच्या फ्रीजरचा. मोठ्या रुग्णालयांत अशी सोय असते.

फ्रीजर अधिक आधुनिक वाटतो, पण पोटाच्या खिशाचा एक फायदा त्याला नाही. रुग्ण जिथे जाईल तिथे त्याचे हाड त्याच्याबरोबर जाते. अपघात महामार्गावर होतो, शस्त्रक्रिया जवळच्या शहरात होते आणि पुढचे उपचार गावाजवळच्या रुग्णालयात. अशा वेळी हाड एका शहराच्या फ्रीजरमध्ये आणि रुग्ण तीनशे किलोमीटर दूर, असे होऊ शकते. शिवाय फ्रीजरला चोवीस तास वीज लागते, नोंदवही लागते, तुकड्यावर नाव नीट लिहिलेले लागते. पोटाला यातले काही लागत नाही.

स्वतःचेच हाड असेल तर मग इम्प्लांट कशाला? कारण हे हाड नेहमी कामी येत नाही. अपघातात त्याचा चुरा झालेला असतो. जखमेत जंतुसंसर्ग झाला तर ते फेकून द्यावे लागते. हाडात गाठ पसरली असेल तर ते परत बसवण्याचा प्रश्नच नसतो. आणि सगळे सुरळीत होऊन हाड परत बसवले, तरी काही रुग्णांमध्ये शरीर ते हळूहळू विरघळवून टाकते. रक्तपुरवठा तुटलेले हाड आतून पोखरत जाते, स्क्रू सैल होतात आणि खड्डा पुन्हा दिसू लागतो. ऑस्ट्रेलियात ६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वतःचे हाड बसवलेल्या ३१ पैकी ७ जणांचे हाड वर्षभरात पूर्ण विरघळले. त्यांना पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावे लागले. लहान मुलांत हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

कवटीत पोकळी पडण्याची कारणे अपघातापुरती नाहीत. हाडाच्या गाठी, जन्मजात व्यंगे, हाडाचा जुनाट संसर्ग यांतही कवटीचा भाग काढावा लागतो. २०२१ मध्ये करोनानंतर ‘म्युकरमायकोसिस’ची, म्हणजे काळ्या बुरशीची, साथ आली. त्यात वरचा जबडा गमावलेल्या रुग्णांसाठीही रुग्णाच्या मापाने इम्प्लांट बनवण्याचे हेच तंत्र वापरले गेले.

हाडाशिवाय राहिले तर काय होते?

‘दिसायलाच वाईट दिसते ना, मग कशाला पुन्हा ऑपरेशन?’ असा प्रश्न घरचे विचारतात. खर्चाने कंबर मोडलेल्या कुटुंबाने तो विचारणे स्वाभाविक आहे. पण हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही.

पहिले म्हणजे संरक्षण. मेंदूवर हाड नसलेल्या माणसाचा साधा पाय घसरला तरी जीवावर बेतू शकते. म्हणूनच रुग्णालयात अशा रुग्णाच्या पट्टीवर ‘नो बोन’ असे ठळक लिहिलेले असते. कूस बदलताना किंवा स्ट्रेचरवर घेताना कोणी त्या बाजूला जोर देऊ नये, हा हेतू.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. सूज उतरली की कातडी आत ओढली जाते, डोक्याला खोलगट वाटीसारखा आकार येतो. बाहेरच्या हवेचा दाब मग थेट मेंदूवर पडतो. त्यातून डोकेदुखी, चक्कर, लक्ष न लागणे, चिडचिड सुरू होते. काहींमध्ये हातापायातली ताकद किंवा बोलणे पुन्हा मागे पडू लागते. विशेष म्हणजे रुग्ण उठून बसला की त्रास वाढतो आणि आडवा झाला की कमी होतो. १९३९ मध्ये वैद्यकीय साहित्यात या लक्षणांना ‘सिंड्रोम ऑफ द ट्रिफाइन्ड’ असे नाव मिळाले. फिजिओथेरपीने सुधारत असलेला रुग्ण अचानक घसरू लागला, तर घरचे बहुधा त्याने जिद्द सोडली असे समजतात. कारण कवटीतला खड्डा असू शकते. यातल्या अनेक रुग्णांमध्ये हाड किंवा इम्प्लांट बसवल्यावर लक्षणे कमी होतात, कधी कधी काही दिवसांतच.

पूर्वी तीन ते सहा महिने थांबण्याची पद्धत होती. आता सूज उतरली असेल, संसर्ग नसेल आणि कातडी नीट भरली असेल, तर त्याआधीही शस्त्रक्रिया केली जाते. कवटी बंद करण्याच्या या शस्त्रक्रियेला ‘क्रॅनिओप्लास्टी’ म्हणतात.

सीटी स्कॅनपासून डिझाइनपर्यंत

येथून काम डॉक्टर आणि इंजिनीअर या दोघांचे होते. सुरुवात सीटी स्कॅनने होते. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे पावाच्या लादीसारखे केलेले आडवे काप. कापाची जाडी एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी लागते. इथेच अनेकदा पहिला अडथळा येतो. अपघाताच्या रात्री केलेल्या स्कॅनमधून फिल्मवर छापलेले काप बहुधा पाच मिलिमीटरचे असतात. रक्तस्राव पाहायला ते पुरेसे असतात, इम्प्लांट आखायला नाहीत. पाच मिलिमीटरचे काप एकावर एक रचले की कवटीच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात आणि त्या कडेवर बसणारा तुकडा आखता येत नाही. मग बारीक कापांचा स्कॅन पुन्हा करावा लागतो. फिल्मचाही उपयोग नसतो. सीडी किंवा पेनड्राइव्हवर ‘डायकॉम’ स्वरूपातील मूळ फाइल लागते.

स्कॅनमधील प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार आणि हाड शेकड्यांपासून हजाराच्याही वर. त्यामुळे ‘दोनशे-अडीचशेच्या वरचे तेवढे दाखव’ असे सॉफ्टवेअरला सांगितले की कातडी, मेंदू, रक्त सगळे गळून पडते आणि पडद्यावर फक्त कवटी उरते. फोटोतला एक रंग निवडून बाकीचे पुसून टाकावे, तसे. हे मात्र ऐकायला वाटते तितके सोपे नाही. पातळ हाड या चाळणीतून गळून जाते आणि नसलेली भोके दिसू लागतात. जुन्या क्लिपा किंवा दातांतील धातूमुळे चित्रावर रेघोट्या उमटतात. त्या हाताने साफ कराव्या लागतात.

मग येते आरशाची युक्ती. डावीकडे भोक असेल, तर उजवी बाजू आरशात उलटी करून डावीकडे ठेवायची. जिथे मूळ हाड आहे तिथे दोन्ही जुळतात आणि जिथे पोकळी आहे तिथला उरलेला भाग म्हणजे इम्प्लांटचा कच्चा आकार. पण कोणाचेही डोके दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे नसते. आरशातला तुकडा एका कडेला दोन मिलिमीटर वर आणि दुसऱ्या कडेला एक मिलिमीटर खाली येतो. डिझायनरचा बहुतेक वेळ या कडा मूळ हाडाला सपाट मिळवण्यात जातो. भोक कपाळाच्या मध्यावर असेल तर आरसाही कामाचा नसतो. अशा वेळी इतर अनेक कवट्यांच्या सरासरी आकारावरून अंदाज बांधला जातो. हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेण्यासाठी २०२० मध्ये ‘ऑटोइम्प्लांट’ नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. तरी शेवटची मंजुरी माणसाचीच.

आकार मिळाला की तपशील सुरू होतात. इम्प्लांट आणि हाड यांच्यात बारीक फट ठेवावी लागते. अगदी घट्ट केले तर ते आत उतरतच नाही, ढिले केले तर हलते. आतली कड अशी तिरपी करतात की तुकडा बाहेरून आत बसेल, पण मेंदूवर घसरणार नाही. मध्ये छोटी भोके ठेवतात. त्यातून साचलेले द्रव बाहेर येते आणि मेंदूचे आवरण धाग्याने वर बांधून घेता येते. कानाच्या वर कानशिलाचा स्नायू असतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तो आक्रसलेला असतो. तिथे हाड हुबेहूब मूळ आकाराचे केले तरी बाहेरून खळगा दिसतोच. म्हणून काही सर्जन तिथे थोडी जास्त जाडी मागतात, तर काही नको म्हणतात, कारण जाडीमुळे कातडीवर ताण येतो. ही चर्चा हल्ली बहुधा व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटवर होते आणि सर्जनने हो म्हटल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

यासाठी महागडे सॉफ्टवेअरच लागते असेही नाही. ब्राझीलच्या सरकारी संशोधन केंद्राने २००१ पासून विकसित केलेले ‘इनव्हेसॅलियस’ किंवा ‘थ्रीडी स्लायसर’ मोफत मिळते. स्लायसर संशोधनासाठीचे साधन आहे, वैद्यकीय उपकरण म्हणून प्रमाणित नाही. शिकणाऱ्याला मात्र त्यावर स्वतःच्या लॅपटॉपवर कवटी उभी करता येते.

अ‍ॅक्रेलिक, टायटॅनियम की पीक?

कवटीचे भोक बुजवण्याचा खटाटोप जुना आहे. डच सर्जन योब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ मधील पुस्तकात एका रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवल्याची नोंद आहे. चर्चला ते पटले नाही. सरदार तुकडा काढून घ्यायला आला, तर तो हाडाला चिकटून गेला होता, असे सांगतात. त्यानंतर सोने, चांदी, टँटलम असे बरेच काही वापरून झाले. आज मुख्य पर्याय तीन आहेत.

पहिला अ‍ॅक्रेलिक, म्हणजे ‘पीएमएमए’. दातांची कवळी ज्या पदार्थाची असते तोच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तो कवटीसाठी वापरात आहे. पावडर आणि द्रव एकत्र कालवले की काही मिनिटांत घट्ट होतो, म्हणून त्याला ‘बोन सिमेंट’ही म्हणतात. जुन्या पद्धतीत सर्जन हे मिश्रण थेट डोक्यावर हाताने थापून आकार देत. त्यात दोन अडचणी होत्या. घट्ट होताना ते पाणी उकळण्याच्या तापमानाजवळ तापू शकते, त्यामुळे सतत थंड सलाइन ओतावे लागे. आणि आकार सर्जनच्या हातावर अवलंबून राही.

कस्टम पद्धतीने हा पर्याय बदलून टाकला. इम्प्लांट छापण्याऐवजी त्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, तसा सिमेंटचा तुकडा साच्यातून काढायचा. तो डोक्याबाहेरच तापतो, बाहेरच थंड होतो. प्लास्टिकचा साचा साध्या प्रिंटरवरही निघतो. भारतासारख्या देशात कस्टम इम्प्लांट सामान्य रुग्णापर्यंत पोहोचायचे असेल, तर या साध्या मार्गाकडे आज मिळते त्यापेक्षा जास्त लक्ष जायला हवे. तो दिसायला ‘हायटेक’ नाही, एवढाच त्याचा दोष. अ‍ॅक्रेलिक ठिसूळ असते, मोठ्या धक्क्याने तडकू शकते आणि वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकले तर त्याचा आकार बिघडतो, ही मर्यादा मात्र खरी. ते इथिलीन ऑक्साइडसारख्या वायूने निर्जंतुक करावे लागते.

दुसरा टायटॅनियम. शरीर त्याला सहसा नाकारत नाही. तयार जाळी रुग्णाच्या कवटीच्या प्लास्टिक नमुन्यावर दाबून आकार देता येतो किंवा संपूर्ण तुकडा प्रिंट करता येतो. प्रिंटिंगमध्ये धातूच्या बारीक पावडरीचा काही शतांश मिलिमीटर जाडीचा थर पसरतात, लेझर फक्त हव्या त्या जागची पावडर सोळाशे अंशांहून अधिक तापवून वितळवतो, मग पुढचा थर. असे शेकडो थर. नंतर आधाराच्या काड्या कापणे, उष्णता देऊन ताण काढणे, घासून गुळगुळीत करणे ही कामे उरतात. टायटॅनियमची तक्रार वेगळीच आहे. ते पातळ आणि ताठ असते. वरची कातडी पातळ असेल, रेडिएशन झालेले असेल, तर काही वर्षांनी धातूची कड कातडीतून वर येऊ शकते. मेंदूतील गाठीच्या रुग्णात पुढच्या स्कॅनवर आणि रेडिएशनच्या आखणीवर त्याची सावली पडते. एमआरआय मात्र साधारणपणे करता येतो, टायटॅनियम चुंबकाला ओढले जात नाही.

तिसरा ‘पीक’ म्हणजे पॉलिइथर इथर कीटोन हे प्लास्टिक. हे नाव ऐकून नातेवाईक बिचकतात. ‘प्लास्टिक बसवणार?’ पण हे ३४३ अंशांना वितळणारे, ऑटोक्लेव्हमध्ये टिकणारे प्लास्टिक आहे. लवचीकपणा मोजला तर टायटॅनियम सुमारे ११०, कवटीसारखे टणक हाड १५ ते २० आणि पीक ३ ते ४ गिगापास्कल भरते. म्हणजे धातूइतके ते ताठ नाही. एक्स-रे आणि स्कॅनमध्ये आडवे येत नाही. बहुतेक वेळा ठोकळ्यातून सीएनसी मशिनवर कोरून काढतात. थ्रीडी प्रिंटिंगही होते, पण त्यासाठी नोझल चारशे अंशांच्या आसपास तापणारा प्रिंटर लागतो, घरगुती प्रिंटरचे ते काम नव्हे. पीकला हाड चिकटत नाही आणि ते महाग आहे.

यातले सर्वोत्तम कोणते? सगळ्या रुग्णांना लागू पडेल असे उत्तर अभ्यासांतून निघालेले नाही. संसर्ग, द्रव साचणे, फिट येणे, पुन्हा शस्त्रक्रिया असे काही ना काही गुंतागुंतीचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते ४० टक्के दिसते आणि ते साहित्यापेक्षा अनेकदा रुग्णाची कातडी, आधीचा संसर्ग, किती शस्त्रक्रिया झाल्या यावर ठरते. ‘आमचे पीक म्हणजे संसर्गाची भीतीच नाही,’ असे कोणी सांगत असेल तर ती जाहिरात समजावी.

जगात आणि महाराष्ट्रात काय घडले?

२०१३च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने ऑक्सफर्ड परफॉर्मन्स मटेरियल्स या कंपनीच्या थ्रीडी प्रिंट केलेल्या प्लास्टिक इम्प्लांटला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात एका रुग्णाच्या कवटीचा ७५ टक्के भाग त्याने बदलला गेला. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या विद्यापीठ रुग्णालयाने २२ वर्षांच्या तरुणीची जवळपास संपूर्ण वरची कवटी बदलल्याचे जाहीर केले. एका दुर्मीळ विकारामुळे तिच्या कवटीची जाडी पाच सेंटिमीटरपर्यंत वाढून मेंदू दाबला जात होता. शस्त्रक्रिया २३ तास चालली.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये पुण्यातील भारती रुग्णालयात चार वर्षांच्या मुलीच्या अपघातग्रस्त कवटीचा सुमारे ६० टक्के भाग रुग्णाच्या मापाच्या पॉलिथिलीन इम्प्लांटने बदलल्याची बातमी देशभर गाजली. ते इम्प्लांट अमेरिकेतील कंपनीने तयार केले होते. आता हे काम करणाऱ्या भारतीय कंपन्याही आहेत.

पुढची पायरी म्हणजे रुग्णालयातच छपाई. स्वित्झर्लंडच्या बासेल विद्यापीठ रुग्णालयाने २०२३ मध्ये पीकचे कवटीचे इम्प्लांट स्वतःच्याच आवारात प्रिंट करून रुग्णाला बसवले. इम्प्लांट बाहेरून मागवले की डिझाइन, मंजुरी, उत्पादन, वाहतूक यात आठवडे जातात. आवारात ते कमी होतात. पण मशिन आणले म्हणजे झाले, असे नाही. प्रत्येक तुकड्याची तपासणी, नोंद, स्वच्छता आणि बिघडले तर जबाबदारी कोणाची हे ठरवणारी यंत्रणा लागते. भारतात २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम ‘कस्टम मेड’ उपकरणाची व्याख्या करतात: त्या विषयातील नोंदणीकृत डॉक्टरच्या लेखी सूचनेवरून, त्याच्या जबाबदारीवर, एकाच रुग्णासाठी बनवलेले उपकरण. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन त्यात येत नाही. ‘त्याच्या जबाबदारीवर’ हे शब्द यात महत्त्वाचे. गल्लीतल्या थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानात कवटीचा नमुना छापून घेणे वेगळे आणि डोक्यात बसणारा तुकडा छापून घेणे वेगळे.

नातेवाइकांनी काय विचारावे, काय जपून ठेवावे?

खर्चाबाबत सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. शस्त्रक्रियेचा खर्च आणि इम्प्लांटची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी असतात. सिमेंटचे पाकीट हजारांत येते, तर कस्टम पीक इम्प्लांट लाखांत जाऊ शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होत असतील, तर पॅकेजमध्ये नेमके कोणते इम्प्लांट धरले आहे, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्यावे. खासगी विमा असेल तर इम्प्लांटसाठी पूर्वमंजुरी घ्यावी. स्वतःचे हाड चांगल्या स्थितीत जपलेले असेल, तर ते आधी वापरून पाहणे हा स्वस्त आणि मान्य मार्ग आहे. त्याला ‘जुनी पद्धत’ म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्नही साधे आहेत. हाड कुठे ठेवले आहे? ते वापरता येणार नसेल तर का? इम्प्लांट कोणत्या साहित्याचे आणि तेच का? पुढे एमआरआय किंवा रेडिएशन लागण्याची शक्यता आहे का? मेंदूत पाणी साचत आहे का, म्हणजे त्यासाठी आधी शंटची नळी टाकावी लागेल का? लहान मूल असेल तर वाढत्या डोक्याचे काय?

हाड परत बसेपर्यंत रुग्णाने त्या बाजूवर झोपू नये, उठताना-चालताना सोबत कोणी असावे, डॉक्टरांनी सुचवले असेल तर संरक्षक टोपी घालावी. दुचाकी तर नाहीच. शस्त्रक्रियेनंतर ताप, टाक्यांतून पाणी येणे, डोक्यावर फुगा दिसणे किंवा पुन्हा गुंगी येणे यातले काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

इम्प्लांटसोबत मिळणारे कार्ड किंवा स्टिकर डिस्चार्जच्या कागदांबरोबर लावून ठेवावे. कोणताही स्कॅन करताना ते दाखवावे लागते. सीटी स्कॅनची सीडी आणि शक्य झाल्यास डिझाइनची फाइलही मागून घ्यावी. संसर्गामुळे इम्प्लांट काढावे लागले, तर काही महिन्यांनी त्याच फाइलवरून दुसरे बनवता येते आणि नव्याने आखण्याचा वेळ वाचतो. कडांचे हाड तोवर बदललेले असू शकते, म्हणून एक ताजा स्कॅन मात्र करावाच लागतो.